आजोळच्या तुळया रंधताना

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ला, आईला घेऊन चिपळूणजवळच्या आजोळी गेले, तेव्हा अंगणात कौलं उतरवून रचलेली होती. पावसात माजघराची भिंत बसली, आता घर पाडून स्लॅबचं बांधणार, असं मामानं फोनवर सांगितलं होतं. तरी उघडं छप्पर बघून आई ओटीवरच बसून राहिली. मी वर बघत होते. आढं, तुळया, वासे सगळं जागच्या जागी होतं, आणि चुलीच्या धुरानं इतकं काळं झालेलं की साग कुठला आणि ऐन कुठला हे खालून कळत नव्हतं.

"कशाला गो नेतेस? सरपणाला जाईल ते," मामा म्हणाला. जेसीबीवाला लाकडासकट सगळं साफ करून देणार होता. मी शिडी लावून वर चढले आणि माजघराच्या तुळईचा कोपरा चाकूनं खरवडला. काजळीचा थर निघाला, खाली तपकिरी रेषा दिसली आणि वास आला. जुन्या सागाचा वास ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही. थोडा चामड्यासारखा, थोडा तेलकट. मामाला म्हटलं, जेसीबी महिनाभर थांबव.

महिनाभर नाही, सहा आठवडे थांबवावा लागला. मी साताऱ्यात लाकूडकाम करते. बारा बाय अठरा फुटांचा गाळा आहे, त्यात एक टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली गोल करवत, फळी एकसारख्या जाडीची रंधणारा, तेरा इंच रुंदीपर्यंतची फळी घेणारा थिकनेसर आणि भिंतीवर हाताचे रंधे. नवीन माल वखारीतून आणून काम करण्याची सवय होती. घरातून निघालेलं जुनं लाकूड आणून, साफ करून, रंधून कामाजोगं करणं हे पहिल्यांदाच केलं. सुरुवातीला काय काय विचारायचं हेही मला माहीत नव्हतं, म्हणून घडलं तसं तारखांसकट लिहिते आहे.

पहिला प्रश्न लाकडाचा नव्हताच, कागदाचा होता. घर आपलं, लाकूड आपलं, टेम्पोत भरायचं आणि न्यायचं, असं मला वाटत होतं. टेम्पोवाल्यानंच विचारलं, "ताई, पास आहे का? सागवान आहे, घाटात अडवतील." ११ नोव्हेंबरला, सोमवारी, वनक्षेत्रपाल कार्यालयात गेले. इमारती लाकूड जुन्या घरातलं असलं तरी वाहतुकीचा पास लागेल, असं तिथे सांगितलं. अर्ज मी माझ्या नावानं लिहून नेला होता, तो परत आला. अर्ज घराच्या मालकानं करायचा. म्हणजे मामानं. सोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा, घरपट्टीची चालू पावती, घर जुनं असून पाडलं जात असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, मामाचं आणि माझं आधारकार्ड, आणि लाकडाची नगवार यादी. यादीत प्रत्येक नगाची जात, लांबी, रुंदी, जाडी.

यादीही एकदा परत आली, कारण मी ती घनफुटात केली होती. वखारीत आपण रुंदी आणि जाडी इंचात घेतो, लांबी फुटात, गुणाकार करून १४४नं भागतो, की घनफूट निघतात. कार्यालयात घनमीटर लागतात. एका घनमीटरमध्ये ३५.३१ घनफूट. माझे सगळे मिळून ५८ घनफूट भरले, त्यांतले ३१ सागाचे, बाकी ऐन, किंजळ आणि थोडा फणस. तुम्ही यादी करताना दोन्ही रकाने आधीच करा, एक फेरी वाचेल.

दुसरा अर्ज १४ तारखेला दिला. विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला होती आणि बरेचसे कर्मचारी निवडणुकीच्या कामाला लागलेले. २३ला निकाल लागेपर्यंत फाइल हललीच नाही. त्या दिवसांत मी रोज मामाला फोन करायचे, तो रोज म्हणायचा, "येतील गो." २८ तारखेला वनपाल आणि वनरक्षक आले, यादीतला एकेक नग मोजला, पंचनामा केला आणि नगांच्या टोकांवर हातोड्याचा छाप मारला. तपासणी होईपर्यंत लाकूड जागेवरून हलवू नका, आणि छाप असलेलं टोक मुक्कामी पोचेपर्यंत कापू नका. मी दोन वासे टेम्पोत मावावेत म्हणून कापायला निघाले होते, वनरक्षकानं वेळीच थांबवलं. वागायला ती माणसं चांगली होती. त्यांना कागद पुरा हवा होता, एवढंच.

पास १० डिसेंबरला हातात आला. त्यावर गाडीचा नंबर, मार्ग आणि मुदत लिहिलेली असते, त्यामुळे गाडी आधी नक्की करा आणि तीच गाडी येणार आहे ना, याची आदल्या दिवशी खात्री करा. १३ला पहाटे पिकअप भरला. कुंभार्ली घाटात एकदा थांबवलं, पास दाखवला, दोन मिनिटांत सोडलं. उताऱ्याची फी, स्टॅम्प, झेरॉक्स मिळून ६४० रुपये गेले. टेम्पोचे ७,५०० आणि दोन्हीकडची हमाली १,६००.

साताऱ्यात माल उतरला त्या संध्याकाळी तात्या आले. तात्या आमच्याकडचे जुने सुतार, सत्तरी ओलांडलेले, आता काम करत नाहीत पण माझ्या गाळ्यात येऊन बसतात. मी थिकनेसरवरचं कापड काढत होते. ते म्हणाले, "ताई, ते झाका परत. आधी हात फिरवा."

त्याचा अर्थ मला पुढच्या तीन आठवड्यांत कळला.

थिकनेसरचं पातं म्हणजे धारदार पोलादाची पातळ पट्टी, आणि ती मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्या वाटेत लोखंडाचा एवढासा तुकडा आला तरी धार जाते. आणि जुन्या घरात लोखंड कुठेकुठे असतं याची यादी मी करायला घेतली तर संपेना: कौलांच्या रिपांचे खिळे, तोरणाचे टाचे, कंदिलाचा आकडा, कपड्यांच्या दोरीचा खिळा, विजेची तार नेताना ठोकलेल्या क्लिपा, कधीतरी कॅलेंडर अडकवलेला मोळा. माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी होती. ती काढायला जंबूर पुरलं नाही, पहारीनं हळूहळू उचकटावी लागली. निघाली तेव्हा खाली भोकाभोवती रुपयाएवढं निळसर काळं कडं उमटलेलं दिसलं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, यांचा ओलाव्यात संयोग झाला की असा डाग पडतो. हे कडं फार उपयोगाचं. खिळ्याचं डोकं गंजून गेलेलं असतं, मोडलेला तुकडा आत राहिलेला असतो, वरून काही दिसत नाही, पण लाकूड त्या जागी काळं पडलेलं असतं. त्यानंतर मी प्रत्येक काळा ठिपका संशयानं बघायला लागले.

पद्धत अशी बसली: आधी नारळाच्या काथ्यानं धूळ आणि जाळी झाडायची, मग तारेच्या ब्रशनं रेषेच्या दिशेनं घासायचं. मग कंदील धरावा तसा बॅटरीचा झोत फळीला समांतर धरायचा, म्हणजे प्रत्येक खड्डा सावली टाकतो. दिसलेले खिळे काढायचे. मोडलेला असेल तर बारीक पटाशीनं भोवतीचं लाकूड उकरून चिमट्याच्या पक्कडीनं ओढायचा. त्यानंतर हातात धरायचा मेटल डिटेक्टर फिरवायचा, जो मी २,३०० रुपयांना घेतला. एकदा उभा, एकदा आडवा. जिथे वाजेल तिथे खडूनं फुली. सगळ्या मालातून निघालेलं लोखंड मी एका डब्यात टाकत गेले, डबा वजनकाट्यावर ठेवला तर सव्वाचार किलो.

काजळीबद्दल सांगायला हवं. तो थर नुसता धुराचा नसतो. कोकणात वाळवी लागू नये म्हणून वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती, आणि धूर त्यावर बसत गेलेला असतो. ताज्या तेलानं तर कातडीला फोड येतात. वाळलेला थर ब्रशनं घासला की त्याची बारीक काळी भुकटी उडते. हे काम गाळ्यात करू नका, उघड्यावर करा, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून. कापडी मास्क पुरत नाही. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेली आहे. फिल्टर बदलता येणारा रबरी मास्क घ्या.

दाराच्या चौकटींना हिरव्या ऑइलपेंटचे थर होते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते असू शकतं. म्हणून चौकटी कोरड्या घासल्या नाहीत आणि मशीनलाही लावल्या नाहीत. पाणी मारून, खरवडणीनं थर काढले, खपल्या ओल्या असतानाच पिशवीत बांधल्या. दोन चौकटींना चार दिवस लागले. हाताची बोटं आखडली, आणि त्या चार दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की जेसीबीवाल्याला नेऊ दिलं असतं तर बरं झालं असतं. तात्या रोज येऊन बसायचे, काही बोलायचे नाहीत. त्यांच्या बसण्यामुळे काम पुढे गेलं.

डिसेंबर संपत आला तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं छपराखाली असलेलं लाकूड वाळलेलंच असणार, असं मी धरून चालले होते. ओलावा मोजायचा मीटर १,४५० रुपयांना आणला, दोन टाचण्या लाकडात टोचायच्या की टक्के दिसतात. तुळईच्या अंगावर १२ टक्के. बरं वाटलं. मग एका तुळईचं फूटभर टोक कापून आत टोचलं, तर १६. लाकूड एकदा वाळलं की कायमचं वाळलं असं होत नाही, ते भोवतालच्या हवेप्रमाणे ओलावा घेत आणि सोडत राहतं. चिपळूणच्या पावसात राहिलेली तुळई साताऱ्याच्या कोरड्या हिवाळ्यात आली, तर वरून लगेच सुकते, आतून सावकाश. असं लाकूड रंधून सरळ केलं की पंधरा दिवसांत पुन्हा वाकतं.

तुळया सहा बाय आठ इंचांच्या होत्या, त्यांच्या फळ्या पाडून घ्यायच्या होत्या. दोन सॉ मिलवाल्यांनी जुना माल म्हटल्यावर नको म्हटलं. त्यांचंही बरोबर आहे, खिळा लागला तर करवतीचा पट्टा जातो. तिसऱ्यानं एका अटीवर घेतलं: पट्ट्याचे १,२०० वेगळे, खिळा लागो न लागो. संक्रांतीनंतर १७ जानेवारीला १४ घनफूट माल कापून घेतला, घनफुटाला १०० रुपयांप्रमाणे १,४००. मी स्वतः मेटल डिटेक्टर घेऊन पट्ट्याशेजारी उभी होते आणि प्रत्येक नग चढवण्याआधी फिरवत होते. मिलवाल्यानं ते बघितलं आणि त्यानंतर तो मोकळेपणानं बोलायला लागला. फळ्या सव्वा इंच जाडीच्या पाडल्या, हव्या होत्या एक इंचाच्या. दोन सूत जास्त. आपल्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि जुन्या मालाला दोन सूत जास्त धरलेच पाहिजेत. मला पुढे काही फळ्यांना तेही कमी पडले.

पट्ट्यावरून उतरताना एक फळी माझ्या डोळ्यांदेखत धनुष्यासारखी वाकली. आतला ताण मोकळा होतो, तो असा. फळ्या गाळ्याच्या मागच्या पडवीत रचल्या, प्रत्येक थरामध्ये दीड-दीड फुटावर एकसारख्या जाडीच्या रिपा, एकीवर एक सरळ रेषेत, वर वजनाला दगडी पाट्याचे दोन तुकडे. टोकांना जुना ऑइलपेंट फासला, कारण टोकाकडून ओलावा लवकर जातो आणि तिथे चिरा पडतात. मग तीन आठवडे दर रविवारी मोजत राहिले: १५, १३, ११.

८ फेब्रुवारीला, शनिवारी, थिकनेसरवरचं कापड काढलं.

आता मुख्य काम. थिकनेसरमध्ये वाकडी फळी घातली की सरळ होऊन बाहेर येते असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. मशीनचे रूळ फळीला खाली दाबून पुढे ढकलतात. दाबलेली असेपर्यंत ती सपाट असते, वरून पातं फिरतं, आणि पलीकडे बाहेर पडली की ती आपला पीळ परत घेते. दोन्ही बाजू समांतर होतात, जाडी सगळीकडे एक होते, फळी मात्र वाकडीच. म्हणून आधी एक बाजू दुसऱ्या कुठल्या तरी मार्गानं सपाट करावी लागते. तिला धरून एक कड गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायची, मग दुसरी बाजू थिकनेसरमधून, शेवटी चौथी कड टेबल सॉवर. पहिल्या बाजूसाठी सरफेस प्लेनर हे वेगळं मशीन असतं, ते ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

मी दोन मार्ग वापरले. सहा इंचांपर्यंतच्या फळ्या हाताच्या रंध्यानं. आधी पीळ बघायचा: दोन सरळ, एकसारख्या उंचीच्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या आणि मागून डोळा खाली आणून बघायचं. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींवर बसल्या तर पीळ नाही. नाहीतर तिरप्या रेषेतले समोरासमोरचे दोन कोपरे उंच असतात, त्यांवर पेन्सिलीनं रेघोट्या मारायच्या आणि जॅक रंधा तिरका चालवून तेवढेच उतरवायचे. रुंद फळ्यांसाठी अठरा मिलिमीटर प्लायवुडची एक लांब पाटी केली, फळी तिच्यावर ठेवून जिथे जिथे हलते तिथे खाली बारीक पाचरी सरकवल्या आणि गरम गोंदाच्या थेंबानं चिकटवल्या. फळी डुगडुगायची थांबली की पाटीसकट थिकनेसरमधून काढायची. खाली आधार पक्का असल्यामुळे रुळांना ती दाबून सपाट करता येत नाही आणि वरची बाजू खरोखर सपाट होते. मग पाचरी काढून, फळी उलटून, पाटीशिवाय दुसरी बाजू. पहिल्याच दिवशी घाई करून एका फळीला पाचरी न लावता घातलं. सव्वा इंचाची पाऊण इंच झाली आणि पीळ होता तसाच. ती फळी मी खुणेसाठी भिंतीला टेकवून ठेवली आहे.

एका वेळी अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. सागात सिलिका असते, ती तशीही धार खाते. आणि रेषेची दिशा बघायची. फळीच्या कडेवर रेषा चढत असेल त्या दिशेनं रंधा गेला पाहिजे. उलटा गेला तर लाकूड उचलतं, खपल्या निघतात. जुन्या तुळईत गाठीजवळ रेषा मध्येच फिरते, तिथे मशीन काहीही केलं तरी उचलणारच, ती जागा मी शेवटी हातानं, धारदार पातं तिरकं धरून केली. फळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन-तीन इंचांत मशीन किंचित खोल जातं, म्हणून फळ्या हव्या त्या मापापेक्षा चार इंच जास्त लांब ठेवा. फळी आत जाताना तिचं शेपूट आणि बाहेर पडताना तिचं पुढचं टोक थोडं वर उचलून धरलं तर हे कमी होतं. मशीनच्या पाट्यावर मेणबत्ती घासली की फळी अडकत नाही.

पहिली तुळई उघडली तो क्षण सांगण्यासारखा आहे. मशीनला द्यायच्या आधी तिच्या अंगावर वाकसाचे वण होते, कुण्या सुतारानं ती गोल खोडातून चौकोनी तासून काढली होती, दर दीड-दोन इंचांवर एक उथळ खोलगा. पातं पहिल्यांदा फिरलं तेव्हा फक्त वरवरचे उंचवटे गेले, आणि काळ्यावर सोनेरी अशा आडव्या पट्ट्या उमटल्या. दुसऱ्या फेरीत पट्ट्या रुंद झाल्या. तिसऱ्या फेरीत काळ्याच्या नुसत्या रेघा राहिल्या. मी मशीन बंद केलं. तात्या उठून आले, त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डावखुरा होता हा." वण सगळे डावीकडे झुकलेले होते. मला ते दिसलंच नव्हतं. त्या फळीची एक बाजू मी पुढे रंधलीच नाही. ती टेबलाच्या खालच्या बाजूला आली आहे, हात घातला की वण लागतात.

ताजा रंधलेला साग हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. बघून घाबरायला होतं, वाटतं काहीतरी बिघडलं. उजेडात आठ-दहा दिवसांत तो आपल्या सोनेरी रंगावर येतो.

दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला दुपारी, तो आवाज आला. टक् असा एकच, मशीनच्या घरघरीतही ऐकू येणारा. बंद करून फळी काढली. पृष्ठभागावर केसाएवढी उंच रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फळीच्या पोटात जुन्या चौकोनी खिळ्याचं टोक होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मेटल डिटेक्टर मी तुळईच्या बाहेरून फिरवला होता आणि मिलवर पुन्हा फिरवला होता, पण फळी पाडल्यावर, पोट उघडं झाल्यावर फिरवलाच नव्हता. तुम्ही तो तिसऱ्यांदा फिरवा. नव्या पात्यांची जोडी ३,२०० रुपयांची, आणि यायला नऊ दिवस. तोवर तात्यांनी एक युक्ती दाखवली: दोनपैकी एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवून बसवायचं. दोन्हींवरचे खांडे मग एका रेषेत येत नाहीत, एकाची रेघ दुसरं पातं कापून टाकतं. पात्यांना हात लावण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. त्या युक्तीवर मी नऊ दिवस काम केलं.

एका तासाच्या रंधण्यात दोन गोण्या ढलप्या निघतात, त्यांची सोय आधी करा. माझ्या शेजारच्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनच्या आवाजाचा त्यांना त्रास नको म्हणून दुपारी दोन ते चार एवढीच वेळ मी त्यांच्याशी बोलून ठरवली, त्यामुळे काम लांबलं पण संबंध चांगले राहिले.

शेवटची फळी १६ मार्चला झाली. लोखंडाचे काळे डाग घालवायचे असतील तर ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून लावतात, नंतर भरपूर पाण्यानं धुतात. ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय शिवू नका आणि वाळलेली पूड घासून उडवू नका. मी फक्त दोन फळ्यांना लावलं. पाळण्याच्या कडीचं काळं कडं तसंच ठेवलं. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून गोंद लावण्याच्या थोडं आधी जोडाच्या कडा ॲसिटोननं पुसून घेतल्या. टेबलाला बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, तीन हात दिले, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस. बेलतेलात भिजलेली चिंधी चुरगळून टाकली की ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून चिंध्या पाण्यात बुडवून मग उघड्यावर पसरून वाळवल्या.

३१ घनफूट सागातून कामाजोगा साडेसतरा घनफूट निघाला. बाकी खिळ्यांच्या ओळींत, चिरांत, भुंग्यानं पोखरलेल्या टोकांत आणि ढलप्यांत गेला. कागदपत्रं, टेम्पो, हमाली, मिल, मेटल डिटेक्टर, ओलाव्याचा मीटर, पाती आणि ब्रश-मास्क-ॲसिडसारख्या किरकोळ वस्तूंचे २,१५० धरून सगळा खर्च २१,४४० रुपये झाला. माझी मजुरी यात नाही. त्या काळात वखारीत मला चांगल्या सागाचा भाव घनफुटाला साडेतीन हजार सांगितला होता, पण एका इंचात अकरा वाढीच्या रेषा असलेला माल तिथे मला दिसला नाही.

टेबल अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, आईच्या घरी नेलं. तिनं त्यावर हात फिरवला, काळ्या कड्याशी बोट थांबवलं आणि विचारलं, "ही कडीची जागा ना?" मी हो म्हटलं. ती भाजी निवडायला तिथेच बसली.

ऐनाचे सोळा वासे अजून पडवीत रचलेले आहेत. ऐन सागाहून बराच जड आणि कठीण, त्याला हाताच्या रंध्यानं हात घालायला मला धीर झालेला नाही. जूनचा पाऊस सुरू झाल्यापासून मीटरवर आकडा पुन्हा १५वर गेला आहे, त्यामुळे ते काम दसऱ्यानंतर. फणसाची एक फळी तेवढी मी मार्चमध्येच रंधून, कागदात गुंडाळून आत ठेवली आहे. मामाच्या घराचा स्लॅब टाकून झाला. देव्हाऱ्याची मापं कळवतो म्हणालाय.